मॅमोग्राफी झाली, मेसेज आला, आता नेमकं करायचं काय? (रिपोर्ट, फोन आणि "परत या" यातून वाट काढताना)

माझ्या जाऊबाईंचा मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. शनिवारची रात्र. पीडीएफ उघडली, सगळ्यात खाली ठळक अक्षरात बायरॅड्स (फोटो बघून शंका किती, याचा आकडा) शून्य. मोठ्या दिरांनी मोठ्याने वाचलं, शून्य म्हणजे काहीच नाही, सुटलो, आणि फ्रीजमधले पेढे बाहेर आले. सव्वादोन महिन्यांनी सेंटरमधून फोन आला, "मॅडम, तुम्ही एक्स्ट्रा व्ह्यूला आलाच नाहीत?" तेव्हा कळलं की बायरॅड्समधलं शून्य म्हणजे "अजून सांगता येत नाही, आणखी फोटो लागतील". शेवटी निघाली साधी पाण्याची गाठ, सिस्ट, काही करावं लागलं नाही, पण दोन महिने फुकट गेले आणि फोननंतरचे चार दिवस घरात कोणी धड झोपलं नाही.

मी डॉक्टर नाहीये हे आधीच सांगते. पण घरातल्या आणि ओळखीतल्या पाच-सहा जणींबरोबर अशा बाकड्यांवर बसलेय, आणि दरवेळी आजारापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते या मेसेजनी, अर्धवट फोनांनी आणि इंग्रजी रिपोर्टांनी. तो कागद एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, आपण मधले पोस्टमन. त्यामुळे आपलं काम एवढंच की त्या कागदातून पुढची एक तारीख बाहेर काढायची. काय करायचं, कुठे, किती दिवसांत आणि कोण करणार. हे चार मिळेपर्यंत "सगळं ठीक" पण म्हणायचं नाही आणि "संपलं सगळं" पण म्हणायचं नाही.

पहिलं काम: मेसेज वेगळा, रिपोर्ट वेगळा

"तुमचा रिपोर्ट तयार आहे, कृपया डॉक्टरांना भेटा." हा मेसेज बऱ्याच सेंटरमध्ये सगळ्यांना सरसकट जातो, ज्यांचं एकदम नॉर्मल आहे त्यांना पण. "डॉक्टरांना भेटा" मध्ये काहीही लपलेलं नसतं. तसंच रिसेप्शनवरची मुलगी फोनवर काही सांगत नाही म्हणून घाबरू नका, तिला सांगायची परवानगीच नसते, आणि खरं तर तिला रिपोर्ट वाचता येत नसतो. एकीला "मॅडमनी लगेच परत बोलावलंय" असा निरोप मिळाला, ती रडत रडत रिक्षाने गेली, तर एक फोटो हलल्यामुळे पुसट आला होता आणि मॅडम दुपारी दोनला निघणार होत्या म्हणून "लगेच". (आणखी एक, काखेत लावलेली पावडर किंवा डिओ फोटोत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसू शकतात, त्यामुळेही परत बोलावतात. जाताना लावू नका.)

तर मेसेजवर काहीच ठरवायचं नाही. पूर्ण रिपोर्ट हातात घ्या, सगळी पानं. आणि वाचायच्या आधी नाव, वय, तारीख आणि बाजू बघा. हसू नका, आपल्याकडे एकाच दिवशी एकाच सेंटरला सुनीता पाटील नावाच्या तीन बायका असू शकतात. बाजू म्हणजे डावी की उजवी, तुम्हाला गाठ लागत होती डाव्या बाजूला आणि रिपोर्टमध्ये सगळं वर्णन उजव्याचं असेल तर तिथल्या तिथे विचारा. फिल्म बघून स्वतः बाजू ठरवू नका मात्र, ती समोरासमोर लावलेली असते आणि डावं-उजवं हमखास उलटं वाटतं, फिल्मवर छापलेलं अक्षर असतं ते बघायचं.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो जो मला दुसऱ्यांदा समजला. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एकाच दिवशी होते आणि रिपोर्ट दोन निघतात. मॅमोग्राफीवाल्यात लिहिलेलं असतं बायरॅड्स शून्य, सोनोग्राफीवाल्यात बायरॅड्स २, आणि आपण दोन्ही कागद हातात धरून बघत बसतो की खरं कुठलं. बरेचदा सोनोग्राफीने ते शून्य मिटवलेलं असतं, पण हे आपण गृहीत धरायचं नाही. सेंटरला सरळ विचारायचं, "दोन्ही मिळून फायनल कॅटेगरी काय आहे, ती लिहून द्याल का?" एका ओळीची गोष्ट असते, रेडिओलॉजिस्ट देतात लिहून.

आकडा वाचायचा कसा

रिपोर्टच्या शेवटी "इम्प्रेशन" नावाचा भाग असतो, बाकी पान सोडून आधी तिथे जा. तिथे बायरॅड्सचा आकडा असतो. ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने बनवली, आता आपल्याकडेही तीच वापरतात. शून्य ते सहा.

शून्याचं वर सांगितलं. तपासणी अपुरी, आणखी व्ह्यू, सोनोग्राफी किंवा जुने फोटो पाहिजेत. पहिल्यांदाच मॅमोग्राफी करणाऱ्या बायकांना हे जास्त येतं कारण तुलना करायला मागचं काहीच नसतं. १ म्हणजे काही सापडलं नाही. २ म्हणजे काहीतरी दिसलं पण ते निरुपद्रवी आहे हे नक्की, उदाहरणार्थ साधी सिस्ट किंवा वर्षानुवर्षं तशीच असलेली गाठ. ३ म्हणजे जवळजवळ नक्की निरुपद्रवी, कॅन्सर असायची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून लगेच सुई न टोचता थोड्या थोड्या महिन्यांनी बघत राहायचं.

४ ला मात्र थांबा, कारण ४ हा एक आकडा नाहीच, तीन आहेत. ४ ए मध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४ बी मध्ये १० ते ५०, ४ सी मध्ये ५० ते ९५. म्हणजे ४ ए आणि ४ सी मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोघींना फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, "बायोप्सी करायला सांगितलीय." त्यामुळे नुसतं ४ लिहिलं असेल तर ए, बी की सी हे विचारा. प्रत्येक रिपोर्टमध्ये लिहितातच असं नाही पण विचारलं तर बहुतेक सांगतात. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. ६ फक्त त्यांनाच देतात ज्यांचा कॅन्सर आधीच बायोप्सीने सिद्ध झालाय.

आता सगळ्यात मोठा गोंधळ. बायरॅड्स ४ म्हणजे चौथ्या स्टेजचा कॅन्सर नव्हे!! याचा स्टेजशी काही संबंध नाही. बायरॅड्स म्हणजे फोटो बघून आलेली शंका किती. स्टेज ठरते कॅन्सर सिद्ध झाल्यावर, तो किती पसरलाय त्यावरून. माझ्या मावशीला ४ ए आलं होतं आणि मामाने गावाकडे कळवूनही टाकलं की चौथी स्टेज आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात दोन गाड्या. मावशी पोहे करत होती.

आणि आकडा रोमन लिपीत असेल तर दोनदा बघा. रोमन चार आणि रोमन सहा यात तीच दोन चिन्हं फक्त उलटी लिहिलेली असतात, घाईत कोणीही चुकतं.

इम्प्रेशनच्या आसपास अजून एक अक्षर असतं, एसीआर ए, बी, सी किंवा डी. ते टिश्यू किती दाट आहे त्याचं. सी म्हणजे कॅन्सर नाही (असं वाटलेली बाई मी बघितलीय, म्हणून लिहितेय). सी-डी असणं आजार नाही, बऱ्याच बायकांचं तसंच असतं, वय कमी असेल तर जास्तच. फक्त दाट टिश्यू मॅमोग्राफीत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे काही राहून जाऊ शकतं, म्हणून अशांना सोनोग्राफी जोडीला सांगतात.

बाकीचे घाबरवणारे शब्द

कृपा करून रिपोर्ट ॲपमध्ये टाकून मराठी करू नका. आम्ही केलं होतं. "मास" चं झालं वस्तुमान आणि "लिजन" चं झालं जखम, सासूबाई विचारत बसल्या अगं तुला कुठे जखम झालीय, लागलं कधी.

लिजन म्हणजे फोटोत वेगळं दिसणारं काहीही, चांगलं पण असू शकतं. मास म्हणजे गाठीसारखा आकार. फायब्रोॲडेनोमा ही तरुण वयात बरीच दिसणारी साधी गाठ. कॅल्सिफिकेशन म्हणजे कॅल्शियमचे कण, दुधातल्या कॅल्शियमशी किंवा गोळ्यांशी संबंध नाही त्यामुळे दूध बंद करू नका, बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, बारीक कण एका जागी झुबक्यासारखे असतील तर डॉक्टर जास्त लक्ष देतात. काखेतले लिम्फ नोड, म्हणजे छोट्या ग्रंथी, "फॅटी हायलम प्रिझर्व्ड" असं लिहिलं असेल तर ते बरं आहे, साधे नोड तसेच दिसतात. "क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड" म्हणजे डॉक्टरांनी हाताने तपासून आणि तुमचा इतिहास विचारून या फोटोशी जुळवावं, हे वाक्य इतक्या रिपोर्टांत असतं की घाबरायचं कारण नाही, पण एक अर्थ त्यात आहेच, रिपोर्ट घरी ठेवून भागणार नाही, कोणीतरी तपासायला हवं. आणि निगेटिव्ह हा शब्द इथे चांगला. आपल्याकडे कोणी "निगेटिव्ह आलं" म्हटलं की चेहरे पडतात.

फोन कसा करायचा

एक गंमत सांगते. आपण बायका लाजून "छातीची तपासणी केली होती" म्हणतो आणि पलीकडून ते छातीच्या एक्स-रेच्या रजिस्टरमध्ये शोधत बसतात आणि "नाही हो मॅडम तुमचं नावच नाही" म्हणून फोन ठेवतात. मॅमोग्राफी म्हणा, मोठ्याने म्हणा. फोन करायच्या आधी बिलाची पावती समोर घ्या, त्यावर रजिस्ट्रेशन नंबर असतो, नाव शोधण्यापेक्षा त्याने पटकन सापडतं. सकाळी अकराच्या आत करू नका, तेव्हा रांग असते, साधारण साडेतीन-चारला बोलायला माणूस मिळतो, हा माझा अनुभव.

बोलायचं असं. "नमस्कार ताई, मी अमुक तारखेला मॅमोग्राफी केली, रजिस्ट्रेशन नंबर हा. मला परत यायला सांगितलंय. मला रिझल्ट फोनवर नकोय, फक्त तीन गोष्टी सांगा. परत कशासाठी, जादा फोटो, सोनोग्राफी की सुई? किती दिवसांत यायचं? आणि येताना जुनं काय आणायचं?" रिझल्ट नकोय म्हटलं की समोरचा माणूस मोकळा होतो. माहीत नाही म्हणाली तर "मग हे कोणाला माहीत असेल आणि त्या कधी भेटतील" एवढं विचारा. ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव, तारीख, वेळ एका वहीत. मी जाऊबाईंसाठी शाळेची दोनशे पानी वही केली होती, पहिल्या पानावर सगळे नंबर.

फोनवर जे ठरलं ते लगेच मेसेज करून पाठवा, असं काहीतरी: "आत्ता झालेल्या बोलण्यानुसार मी मंगळवारी ११ वाजता उजव्या बाजूच्या जादा व्ह्यूसाठी येतेय, जुने फोटो आणते. काही बदल असेल तर कळवा." त्यांनी नुसता अंगठा दाखवला तरी पुरे, आता ते तुमच्या एकटीच्या आठवणीवर राहिलं नाही.

भेटीत डॉक्टरांसमोर सगळं विसरायला होतं. बरोबर एकीला न्या, आणि ती रडकी नको, लिहून घेणारी हवी. डॉक्टरांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग केलं तरी चालतं, विचारून मात्र. निघताना एकच वाक्य, "म्हणजे डॉक्टर, माझं पुढचं पाऊल हे आणि या तारखेपर्यंत, बरोबर ना?"

फोन आलाच नाही तर

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. "काही असतं तर त्यांनी फोन केला असता ना" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. नाही करत. म्हणजे काही ठिकाणी करतात, पण आपल्याकडे बोलावून घेणारी एकच यंत्रणा नाही, सेंटरला वाटतं चिठ्ठी देणारे डॉक्टर बघतील, डॉक्टरांना वाटतं पेशंट रिपोर्ट घेऊन येईल, पेशंटला वाटतं फोन येईल. तिघेही आपापल्या जागी वाट बघतायत.

वर नंबरचा घोळ. कंपनीच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये रिपोर्ट जातो नवऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवर. कॅम्पमध्ये फॉर्म भरताना आईने मुलाचा नंबर दिलेला असतो, मुलगा बंगळुरूला, अनोळखी नंबर उचलत नाही. तपासणीच्या दिवशीच विचारून घ्या: रिपोर्ट किती दिवसांत, कोणत्या नंबरवर, आणि काही निघालं तर मला कोण सांगणार. त्या तारखेनंतर दोन दिवस जाऊ द्या आणि आपणच फोन करा. नॉर्मल असला तरी कागद हातात घ्या, "नॉर्मल आहे" हे तोंडी ऐकून परत येऊ नका.

आणि रिपोर्ट नॉर्मल पण हाताला गाठ लागतेय, तर रिपोर्ट बाजूला ठेवा आणि सर्जनला दाखवा. नवीन गाठ, निप्पलमधून रक्तासारखं पाणी, निप्पल नव्याने आत ओढलं जाणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणं, काखेत गाठ, यातलं काही असेल तर मॅमोग्राफीचा जुना चांगला रिपोर्ट उपयोगाचा नाही. मॅमोग्राफीत सगळं दिसतं असं नाही.

कॅम्प, आशाताई आणि मशीनवाले

सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर सगळ्यांची तपासणी करायची असते, त्यात ब्रेस्टची तपासणी हाताने करतात, मॅमोग्राफीने नाही. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कोणाला काय होतं असं विचारतात आणि मार्क देतात. ४ च्या वर मार्क आले की गावात बातमी होते, तिला ५ आलेत. अहो तो सगळ्या आजारांच्या धोक्याचा मिळून स्कोर आहे, बीपी-शुगर पण त्यातच, त्याचा अर्थ इतकाच की हिची तपासणी आधी करा.

हाताने तपासलं म्हणजे टाइमपास केला असंही समजू नका. मुंबईत टाटा मेमोरिअलने १९९८ पासून दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षं हाच अभ्यास केला, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासायचं, २०२१ मध्ये तो छापून आला. त्यात कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्यामुळे उपकेंद्रातल्या सिस्टरने "पुढे दाखवा" म्हणून चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी खरी. त्या चिठ्ठीवर कुठे, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत हे तिच्याकडूनच लिहून घ्या. जिल्हा रुग्णालयात एनसीडी क्लिनिक (बीपी, शुगर, कॅन्सर अशा आजारांचं) असतं, तिथे विचारा. आशाताईंचा नंबर ठेवा, मोठ्या हॉस्पिटलात हरवल्यावर त्यांचा एक फोन आपल्या दहा चकरा वाचवतो.

ऑक्टोबरमध्ये गुलाबी रिबिनी लावून कॅम्प होतात आणि नोव्हेंबरात तो मांडव कुठे गेला कळत नाही. त्यामुळे कॅम्पमध्ये जाताना पहिला प्रश्न, काही निघालं तर पुढे कोणत्या हॉस्पिटलला पाठवणार? उत्तर नसेल तर मी तरी तिथे तपासून घेणार नाही. काही ठिकाणी हातात धरायचं छोटं यंत्र फिरवतात, काही ठिकाणी उष्णतेचा कॅमेरा असतो. त्यात "पॉझिटिव्ह" आलं म्हणजे कॅन्सर निघाला असं नाही, पुढची तपासणी करा एवढाच निरोप. उलटं पण खरं, कॅमेऱ्यात काही नाही आलं म्हणून मॅमोग्राफी सोडायची नाही.

फाईल

पीडीएफ म्हणजे रेकॉर्ड नव्हे. दुसऱ्या डॉक्टरला मूळ फोटो लागतात, म्हणून सीडी किंवा लिंक मागा, फिल्म तर ठेवाच पण गुंडाळी करून कपाटावर टाकू नका. दोन वर्षांपूर्वीचे फोटो समोर असले की कित्येकदा "हे तेव्हापण असंच होतं" म्हणून प्रकरण तिथेच मिटतं. द्यायला टाळाटाळ केली तर शांतपणे लेखी अर्ज करा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंटने मागितलेले रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचे असं आहे. हा नियम भांडायच्या आवाजात सांगायची गरज मला अजून पडली नाही, अर्जात लिहिला की पुरतं.

ओरिजिनल कोणालाच देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. आणि फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकू नका. एकदा गेला की पुण्याची आत्या, नागपूरचे काका, त्यांच्या ओळखीचे होमिओपॅथीवाले, सगळ्यांची मतं यायला लागतात आणि ज्या बाईचा रिपोर्ट आहे ती सोडून सगळे बोलत असतात.

बायोप्सी सांगितली तर

सुईने कॅन्सर पसरतो ही भीती डोक्यातून काढा, त्या भीतीने लोक महिने घालवतात. विचारायचं ते हे, की नुसती बारीक सुई, एफएनएसी, करणार की जाड सुईची कोअर, ट्रूकट? कोअरमध्ये टिश्यूचा तुकडा येतो त्यामुळे जास्त कळतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

मग येतो वाट बघायचा काळ, आणि इथले मेसेज सगळ्यात वाईट. आठवड्याभराने येतं "रिपोर्ट पेंडिंग, आयएचसी ॲडव्हाइज्ड". आयएचसी म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावरची जादा तपासणी, याचा अर्थ नमुना खराब झाला असा नाही. कॅन्सर निघाला असेल तर ईआर, पीआर, हर-टू या तपासण्या त्याच तुकड्यावर करतात कारण औषध त्यावर ठरतं, आणि कधी कधी निदान पक्कं करायलाही आयएचसी लावतात. म्हणून हा शब्द दिसला की स्वतः अर्थ न लावता डॉक्टरांना विचारा, कशासाठी लावलीय. "प्रोव्हिजनल" लिहिलेला कागद कच्चा, "फायनल" येईपर्यंत त्यावर काही ठरवू नका.

रिपोर्ट चांगला आला तरी एक प्रश्न राहतो आणि तो फार कमी जणी विचारतात. "फोटोत जे दिसलं आणि सुईत जे निघालं ते एकमेकांशी जुळतं का?" समजा बायरॅड्स ५ होतं आणि बायोप्सी म्हणते काही नाही, तर सुई बाजूला लागली असू शकते, अशा वेळी परत करतात. पेढे त्यानंतर.

आणि कॅन्सर निघालाच तर स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, लॅबकडून मागून घ्या, टाटासारखी मोठी हॉस्पिटलं तेच परत तपासतात. मुंबईला जाणं जमत नसेल तर "नव्या" (Navya) या नावाची ऑनलाइन सर्व्हिस आहे, तिच्यातून टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) डॉक्टरांचं मत मिळतं. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत, प्रत्येकीला परळ गाठायची गरज नाही. महात्मा फुले योजनेत बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

बाहेरच्या देशात असाल तर

थोडक्यात, कारण तिथे यंत्रणा तरी आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७१ वयात दर तीन वर्षांनी पत्र येतं, त्यासाठी जीपीकडे नाव आणि पत्ता बरोबर हवा, घर बदललं आणि कळवलं नाही की पत्र जुन्या घरी. तपासलेल्या १०० पैकी साधारण ४ जणींना परत बोलावतात आणि त्यातल्या एकीला कॅन्सर निघतो, बाकी तिघी घरी. अमेरिकेत साध्या भाषेतलं पत्र ३० दिवसांत आणि शंका जास्त असेल तर ७ दिवसांत यायला हवं, शिवाय सप्टेंबर २०२४ पासून टिश्यू दाट आहे की नाही हे प्रत्येकीला कळवावं लागतं, त्यामुळे नवीन ओळी बघून दचकू नका. दोन्हीकडे दुभाषा मागता येतो. भारतातून आलेल्या आईसाठी लेकीने भाषांतर करण्यापेक्षा तो बरा, लेक अर्धं गाळते, मी पण गाळलं असतं.

सहा महिन्यांनी या

बायरॅड्स ३ वाल्यांसाठी हे. साधारण सहा महिन्यांनी, मग बारा, मग चोवीस महिन्यांनी बघतात, आणि दोन वर्षं जसंच्या तसं राहिलं की बहुतेक २ मध्ये टाकतात. पहिल्या सहा महिन्यांना बरेचदा एकाच बाजूचे फोटो काढतात, दुसरी बाजू विसरले असं नाही. शक्यतो त्याच सेंटरला जा. पाळी चालू असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यात घ्या, दुखतं कमी.

पण सहा महिन्यांनी कोणी आठवण करत नाही. मधे गणपती येतात, दिवाळी येते, कोणाचं तरी लग्न निघतं. त्यामुळे सेंटरमधून निघायच्या आधीच तारीख घ्या, ते आत्ता देत नाही म्हणाले तर स्वतः ठरवा. जाऊबाईंची सिस्ट मिटली तरी त्यांनी सेंटरकडून "रूटीन तपासणी, पुढची एक वर्षाने" असं सही-शिक्क्यानिशी लिहून घेतलं, आणि नवीन वर्षाचं कालनिर्णय आलं त्या दिवशी फेब्रुवारीच्या पानावर एका चौकोनात लाल पेनाने लिहिलं, "मॅमो. जुने फोटो पलंगाखाली, निळी पिशवी." खाली दुधाचा हिशोब, दोन लिटर.